रिडेव्हलपमेंटची मीटिंग आणि "काकू, मुलाला पाठवा" – हे माझ्याच बाबतीत होतंय का?

मुलुंडची_माई

नमस्कार. इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी ६३ वर्षांची, मुलुंड पूर्वेला राहते. बिल्डिंग जुनी, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, छताचे पोपडे पडतात, त्यामुळे रिडेव्हलपमेंट सगळ्यांनाच हवंय आणि मलाही हवंय, जिने चढून गुडघे माझेच दुखतात. फ्लॅटवर पहिल्यापासून पहिलं नाव माझं आणि दुसरं ह्यांचं, कारण लोन माझ्या ऑफिसातून झालं होतं. हे कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. मेंटेनन्सचं बिल अजून ह्यांच्याच नावाने येतं, लेखी देऊनही येतं. म्हणजे सोसायटीच्या हिशेबी गेलेला माणूससुद्धा माझ्या आधी.

तर गेल्या महिन्यात बिल्डरची माणसं प्रेझेंटेशन द्यायला आली. गच्चीवर खुर्च्या, प्रोजेक्टर, समोसे, सगळं साग्रसंगीत. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात, प्रत्येक सभासदाला आत्ताच्या कारपेटपेक्षा (म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेपेक्षा) ३५ टक्के जास्त कारपेट. माझी सगळी नोकरी अकाउंट्समध्ये गेली, टक्का दिसला की कशाचा टक्का हे विचारल्याशिवाय राहवत नाही. मी हात वर करून विचारलं की आमचं जुनं कारपेट तुम्ही खोलीत टेप टाकून भिंतीपासून भिंतीपर्यंत धरलंय आणि नवीन कारपेट रेराच्या, म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्याच्या, व्याख्येने देताय, रेराच्या कारपेटमध्ये घरातल्या आतल्या भिंतींची जाडी पण मोजली जाते, मग या ३५ टक्क्यातलं किती भिंतीत जाणार?

बिल्डरचा माणूस, असेल तिशीचा, हसला. म्हणाला, "काकू, टेक्निकल आहे ते, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मुलगा असेल ना, त्याला पाठवा, मी त्याला व्यवस्थित एक्सप्लेन करतो." सगळे हसले. वाईट हेतूने नाही हो, लहान पोर काहीतरी मोठं बोलून गेलं की हसतात ना, तसं. वर सेक्रेटरी म्हणतात, "माई, समोसा घ्या, गरम आहे."

थोड्या वेळाने दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने, तो सीए आहे, हाच प्रश्न इंग्रजीत विचारला. लगेच वही निघाली, "व्हेरी गुड पॉइंट सर, आय विल गेट बॅक." मिनिट्समध्ये मुद्दा त्याच्या नावावर आहे, माझं नाव उपस्थितांच्या यादीत, तेही "श्रीमती" पुढे ह्यांचं नाव. मुलगा चांगला आहे हं, त्याच्यावर राग नाही, त्याला बिचाऱ्याला कळलंही नसेल.

आता यात गंमत अशी की शेजारचे गृहस्थ माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, ऐकू कमी येतं, मशीन लावायचा कंटाळा, मीटिंगमध्ये दोनदा भलतंच उत्तर दिलं. पण त्यांना भेटायला बिल्डर घरी आला, "सर तुमचा एक्स्पिरियन्स आम्हाला हवाय" वगैरे. माझा मुलगा बंगलोरला असतो, त्याला सेक्रेटरींनी परस्पर फोन केला. तो म्हणाला फ्लॅट आईचा आहे, आईशी बोला. तरी ग्रुपमध्ये त्यालाच ॲड केलं आणि मला म्हणाले, "तुमचं काम हलकं केलं."

मला विचारायचंय ते असं की हे वयामुळे होतंय का बाई असल्यामुळे? बाई म्हणून ऑफिसातही अनुभव आलेच, पण शेवटी शेवटी तिथे "मॅडमना विचारा" असं होतं. रिटायर झाले, हे गेले, केस पांढरे ठेवले, आणि एकदम माझ्या बोलण्याचा आवाजच बंद झाल्यासारखा. भांडावं तर म्हणतात या वयात चिडचिड होतेच. तुम्ही काय केलंत अशा वेळी?

संदीप_विक्रोळी

माई, राग मानू नका पण मला वाटतं तुम्ही जरा जास्त मनाला लावून घेताय. आपल्याकडे काकू म्हणणं आदराचं असतं, बिल्डरचा पोरगा काय नावाने हाक मारणार का? आणि म्हाताऱ्या पुरुषांना पण कोण विचारतं हो. माझ्या वडिलांना बँकेत काउंटरवरची मुलगी "बाबा, कोणाला तरी घेऊन या" म्हणाली, ते हेडमास्तर होते शाळेत, दोन दिवस जेवले नाहीत धड. त्यामुळे हे वयाचं आहे, त्यात बाई पुरुष कशाला आणायचं. उलट रेल्वेत सीनियर सिटिझन सवलत बायकांना ५८ पासून आणि ५० टक्के, पुरुषांना ६० पासून आणि ४० टक्केच. तिथे कोणी बोलत नाही.

लेडीज_डबा

@संदीप_विक्रोळी ती सवलत मार्च २०२० पासून बंद आहे दादा. नसलेल्या सवलतीचे टोमणे तरी नका मारू.

सोसायटीतला_भांडकुदळ

माई, भावना वगैरे बाकीचे बोलतील, मी कामाचं सांगतो. मी आमच्या सोसायटीत या सगळ्यातून गेलोय त्यामुळे भांडकुदळ हे नाव सोसायटीनेच दिलंय.

पहिली गोष्ट, "मुलाला पाठवा" हे कायद्यातच बसत नाही. सहकारी सोसायटीत सभासदाने स्वतः हजर राहून मत द्यायचं असतं, प्रॉक्सी चालत नाही. तुमचा मुलगा असोसिएट मेंबर नसेल तर सर्वसाधारण सभेत त्याला मत नाही, खुर्चीवर बसून समोसा खाता येईल फार तर. पुढच्या वेळी कोणी म्हणालं तर हसत हसत एवढंच म्हणा, बरं, मग मुलाचं मत धरणार असाल तसं मिनिट्समध्ये लिहा. कोणी लिहीत नाही. मी गॅरंटी देतो.

दुसरं, ते प्रेझेंटेशन म्हणजे सभा नव्हे. बिल्डर ठरवायचा तर सहकारी संस्थांच्या कायद्यातल्या कलम ७९अ खाली शासनाचे निर्देश आहेत, ४ जुलै २०१९ चे, ते डाउनलोड करून प्रिंट काढून पर्समध्ये ठेवा. बिल्डर निवडायच्या सभेला दोन तृतीयांश कोरम लागतो, रजिस्ट्रार ऑफिसचा माणूस असतो, व्हिडिओ शूटिंग होतं, आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. एकूण सभासदांपैकी, हजर असलेल्यांपैकी नाही. तीन मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये म्हणजे एकेक सही मोजून घ्यावी लागते, तिथे तुमची सही सीएइतकीच भारी आहे. बिल्डरला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तर तो गोड बोलतो.

तिसरं, व्हिडिओ चालू असताना प्रश्न विचारा आणि विचारायच्या आधी नाव आणि फ्लॅट नंबर मोठ्याने सांगा. त्याआधी तोच प्रश्न पत्राने सोसायटीला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी प्रश्न समोशाबरोबर संपतो.

चौथं हे जरा नाजूक आहे. दुसरं नाव ह्यांचं होतं म्हणालात, तर ह्यांच्या हिश्श्याचं काय केलं ते बघा. नॉमिनी तुम्ही असलात तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो हिस्सा वारसांकडे जातो, म्हणजे तुम्ही आणि मुलं (आणि सासूबाई असतील तर त्याही). मुलाकडून रजिस्टर्ड हक्कसोड पत्र करून घ्यायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ते नवीन घराच्या ॲग्रीमेंटच्या आधी ठरवा. नाहीतर त्या ॲग्रीमेंटवर मुलाचं नाव "सोयीसाठी" पहिलं टाकून आणतील आणि तुमचं दुसरं. हे मी डोळ्यांनी बघितलंय आमच्या बिल्डिंगमध्ये, बाई सही करताना चष्मा शोधत होती आणि सगळे घाई करत होते.

तनुजा_ठाणे

भांडकुदळ, शेवटचा परिच्छेद वाचून पोटात गोळा आला. माझ्या आईने अशीच सही केलीय.

८_१२_ची_रेग्युलर

माई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, दोन्ही. आणि ते साठीला सुरू होत नाही, बायकांचं पन्नाशीच्या आधीच सुरू होतं, तुम्ही खुर्चीवर होता म्हणून कळलं नसेल.

मी ५१ ची. कंपनीने आमचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं, आम्ही सगळे एकाच दिवशी घरी. माझ्याबरोबरचा एक जण ५३ चा, त्याला दोन महिन्यांत दुसरीकडे "सीनियर ॲडव्हायझर" म्हणून घेतलं, वय झालं म्हणजे अनुभव ना. मला इंटरव्ह्यूमध्ये विचारतात टीम खूप यंग आहे, तुम्हाला ॲडजस्ट होईल का, एनर्जी राहील का, घरी नातवंडं आहेत का. नातवंडं! माझी मुलगी बारावीला आहे. एका ठिकाणी एचआरची मुलगी अगदी प्रेमाने म्हणाली, मॅम थोडं ग्रूमिंग करा, कलर वगैरे. त्याच ऑफिसच्या डायरेक्टरचे केस पांढरेशुभ्र होते आणि रिसेप्शनवर त्याचा मोठा फोटो. मी कलर केला शेवटी, दर तीन आठवड्यांनी मुळं दिसतात आणि मीच आरशात बघून चिडते.

आणि हे काय आजचं नाही. एअर इंडियाची केस आठवा, नर्गेश मिर्झा, सुप्रीम कोर्ट १९८१. एअर होस्टेसने ३५ व्या वर्षी रिटायर व्हायचं, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्यांदा गरोदर राहिली तर, जे आधी होईल ते. विमानात त्याच पॅसेजमधून ट्रॉली ढकलणारे पुरुष पर्सर ५८ पर्यंत. ३५ नंतर मुदतवाढ द्यायची का ते मॅनेजिंग डायरेक्टरच्या मर्जीवर, ४५ पर्यंत फार तर. कोर्टाने गरोदरपणाची अट आणि ती मर्जी काढून टाकली, पण बायका आणि पुरुषांचं रिटायरमेंट वय वेगळं ठेवणं काही चुकीचं मानलं नाही, म्हणे केडर वेगळं. नरिमन पॉइंटची ती बिल्डिंग बघितली की मला दर वेळी हेच आठवतं. बाईचा अनुभव वाढतो तसा भाव उतरतो.

बॉलिवूड_बघे

सिनेमात बघा ना. राखी १९७६ ला 'कभी कभी'मध्ये अमिताभची नायिका, आणि १९८२ ला 'शक्ती'मध्ये त्याची आई. वयाने ती त्याच्यापेक्षा लहान आहे. तो त्यानंतर किती वर्षं हिरो होता ते सांगायला नको.

संदीप_विक्रोळी

सिनेमाचं उदाहरण म्हणजे विषय भरकटवणं झालं. मुद्दा सोसायटीचा होता.

लेडीज_डबा

रेल्वेचं कोणी आणलं होतं बरं?

रिटायर्ड_सिस्टर

संदीप, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, ते खोटं नाहीये आणि म्हाताऱ्या माणसाला अशी वागणूक मिळते हेही खरं. पण फरक कुठे पडतो ते मी वॉर्डात बघितलंय म्हणून लिहिते. नोकरी सगळी हॉस्पिटलात गेली, आता घरी असते.

म्हातारा माणूस तपासायला आला की बायको बरोबर असते आणि ती गप्प उभी राहते, बोलतो तो. म्हातारी बाई आली की बरोबर मुलगा किंवा सून, डॉक्टर त्यांच्याकडे बघून विचारतात, "काय होतंय यांना?" ती समोर बसलेली असते! ती सांगायला लागली की सून मध्येच, अहो त्यांना सारखंच काहीतरी होत असतं. एक बाई आठवते, साठीच्या पुढची, कापड बाजारात हिशेब लिहायच्या, दम लागतोय आणि जबडा दुखतोय म्हणून आल्या होत्या, चालत आल्या, स्वतःच. नवीन डॉक्टर होता, म्हणाला ॲसिडिटी आणि टेन्शन, गोळी दिली. बाई उठल्या पण दाराशी जाऊन परत भिंतीला टेकल्या. घाम होता कपाळावर, थंड. आमच्या मोठ्या सिस्टरनी न विचारता ईसीजीचं मशीन ओढून आणलं, आणि पट्टी बाहेर आल्यावर त्याच डॉक्टरने धावाधाव केली. वाचल्या त्या.

हे मुद्दाम लिहिते कारण वाचणाऱ्या बायकांना उपयोगी पडेल. बायकांच्या हार्ट ॲटॅकमध्ये छातीत कळ येतेच असं नाही, नुसता दम, अति थकवा, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, एवढंच असू शकतं. पाळी गेल्यावर हा धोका वाढतो. पाळी गेली की बाईचं सगळं दुखणं "वयाचं" किंवा "मनाचं" होतं आणि इथेच घात होतो. डॉक्टरकडे जाताना कधीपासून, काय केलं की वाढतं, कोणत्या गोळ्या चालू, हे चिठ्ठीवर लिहून न्या आणि चिठ्ठी तुम्ही वाचा. डॉक्टरच्या जवळच्या स्टुलावर तुम्ही बसा. मुलगा उभा राहू दे मागे.

म्हणजे माई, तुमच्या बिल्डरने जे केलं ना, तेच तपासणीच्या टेबलावर झालं तर जीव जातो, एवढाच फरक.

लालबागचा_जावई

सगळं वाचलं, पटलं, पण एक गोष्ट खटकली की आपण सगळे फ्लॅटवाले बोलतोय. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ६७ च्या आहेत, चार घरची भांडी, शिवडीहून चालत येतात. सरकारच्या लेखी त्या कुठेच नाहीत. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा, नोंदणी १८ ते ६० वयापर्यंतच. लाडकी बहीण योजना २१ ते ६५. मावशी फॉर्म भरायला गेल्या होत्या, तिथल्या पोराने आधार बघून परत दिला. मला म्हणतात, "दादा, ६५ च्या पुढे बहीण लाडकी राहत नाही वाटतं." स्वतःच हसल्या, मला काही हसू आलं नाही. ६५ च्या पुढच्यांसाठी वयोश्री म्हणून आहे, तिचे ३००० रुपये एकदाच, काठी चष्मा पट्टा यासाठी. कमोड खुर्ची घ्या आणि गप्प बसा असा हिशेब.

आणि त्या ६७ व्या वर्षी काम का करतात, तर नवरा गेला आणि खोली मुलाच्या नावावर करून दिली. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना, त्यात सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळलं नाही तर परत मिळवता येते, पण तशी अट होती हे दाखवावं लागतं, यांनी कुठे लिहिली होती अट. पोटगीचा अर्ज करता येतो प्रांत ऑफिसात, कायद्यात १०००० पर्यंत महिना आहे. मी म्हटलं करू या. त्या म्हणाल्या, पोराच्या विरोधात? लोक काय म्हणतील? हे "लोक काय म्हणतील" बाईलाच का पडतं सगळ्यात जास्त, हा वेगळा धागा होईल.

८_१२_ची_रेग्युलर

@लालबागचा_जावई त्यात भर म्हणजे म्हाताऱ्या बायकाच जास्त आहेत. २०११ च्या जनगणनेत साठीच्या वरच्या बायका ५.३ कोटी आणि पुरुष ५.१ कोटी. नवरा वयाने मोठा करायची आपली पद्धत, बायका जगतात जास्त, मग शेवटची वर्षं बाई एकटी, आणि घर पैसे सगळं आयुष्यभर दुसऱ्याच्या नावावर. माईंचं निदान नाव आहे फ्लॅटवर.

वरळीची_नात

मी जरा उलटं सांगते. आमची आजी ७१ ची, कोळीवाड्यात राहते, अजून बाजारात बसते म्हावरं घेऊन. पहाटे धक्क्यावर लिलावाला ती जाते, आम्ही कोणी गेलं तर तिला चालत नाही, तुम्हाला भाव कळत नाही म्हणते. बाजारात तिचं वय वाढलं तसा तिचा वट वाढला, तिच्या पाटीशेजारची जागा नवीन सुनांना ती देते, भांडणं ती मिटवते, गिऱ्हाइकाने पापलेटचं तोंड उघडून नाक मुरडलं तर जे ऐकवते ते इथे लिहिता येणार नाही. तिला कोणी समोसा देऊन गप्प बसवून दाखवा.

पण मंडई पाडून नवीन बांधायची म्हणून सर्व्हे आला ना तेव्हा क्लिपबोर्डवाला पोरगा ओट्यावर आला आणि विचारतो, "आजी, घरात कोण पुरुष माणूस आहे सही करायला?" लायसन तिच्या नावावर! तिने काय केलं, कोयता खाली ठेवला, हात धुतले, पदराला पुसले, आणि त्याच्या हातातला कागद घेऊन उलटा धरला. तिला वाचता येत नाही. मग मी वाचून दाखवला तेव्हा कळलं की त्यात माल उतरवायला जागाच दाखवली नव्हती. आता सगळ्या बायकांनी मिळून अर्ज केलाय. पोरगा परत आला नाही, दुसऱ्याला पाठवतात.

संदीप_विक्रोळी

हे आवडलं. आजींना नमस्कार सांगा. पण मग हेच तर मी म्हणतोय, हिंमत करून बोललं की लोक ऐकतात.

वरळीची_नात

बोलली तेव्हा नाही ऐकलं ओ, कागद हिसकावला तेव्हा ऐकलं. आणि तुमच्या बाबांना बँकेत कोणी "घरात बाई माणूस कोण आहे" असं विचारलं होतं का?

कमिटी_मेंबर_नावापुरती

माई, मी कमिटीवर आहे हो आमच्या सोसायटीत. कायद्याने दोन जागा महिलांसाठी राखीव म्हणून आम्ही दोघी. कामं काय तर सत्यनारायण, गणपतीची वर्गणी, संक्रांतीचं हळदीकुंकू, वाण काय आणायचं त्याचा कोटेशन सकट हिशेब. लीकेजचं टेंडर उघडायचं तेव्हा मीटिंग रात्री साडेदहाला गच्चीवर, "तुम्हाला उशीर नको म्हणून कळवलं नाही".

आणि हळदीकुंकवाचं म्हणाल तर त्यातही तुम्ही विधवा झालात की बाद. माझ्याबरोबरची दुसरी मेंबर ६८ ची, सगळी तयारी तिने करायची, तिळगूळ वळायचे, वाणाच्या डब्या मोजायच्या, आणि कुंकू लावायची वेळ आली की ती स्वयंपाकघरात. कोणी तिला जा म्हणत नाही, तीच उठते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ ला ठराव करून विधवांच्या बांगड्या फोडणं कुंकू पुसणं बंद केलं, सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. गावात होऊ शकतं आणि आमच्या गेटेड कॉम्प्लेक्समध्ये, जिथे प्रत्येकाच्या घरी एअर प्युरिफायर आहे, तिथे मी विषय काढला तर सासूबाईंच्या वयाच्या बायकाच म्हणाल्या, तिलाच आवडत नाही, तू कशाला. हे माई तुम्हाला पुढचं सांगून ठेवते, सगळा विरोध पुरुषांकडून येईल असं समजू नका. या जानेवारीत मी तिला ताटलीसमोरच बसवलं, दोघीजणी न घेता गेल्या, बाकीच्यांनी घेतलं.

मुलुंडची_माई

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना वेगळं वेगळं उत्तर देत नाही, हाताची बोटं दुखतात टाइप करून (हे मात्र वयाचंच).

सिस्टर, तुमचं पोस्ट माझ्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय. जावईबापू, मावशींना माझ्याकडून सांगा की अर्ज करावासा वाटला तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, निदान विचारून ठेवायला हरकत नाही. मुलाविरुद्ध जायचं का नाही ते त्यांचं.

भांडकुदळ, मी तुमचं ऐकून पत्र दिलं, पोच घेतली. पत्रात नुसता प्रश्न नाही लिहिला, हिशेब लिहिला. माझं जुनं कारपेट ४५० स्क्वेअर फूट, ३५ टक्के वाढवलं की ६०७. त्यांच्या प्लॅनवर आतल्या भिंती पट्टीने मोजल्या, साधारण ४५ फूट लांबी भरते, जाडी पाच इंच, म्हणजे १९ स्क्वेअर फुटाच्या आसपास निव्वळ विटा. खाली पाय ठेवायला उरतात ५८८, म्हणजे ३५ चे झाले ३१ टक्क्यांच्या आत. आमच्याकडे फुटाला २० हजार जरी धरला तरी एका फ्लॅटमागे पावणेचार लाखांच्या वर. प्रत्येक फ्लॅटला गुणून शेवटी बेरीज लिहिली आणि त्याच्या खाली सही, नुसतं माझं नाव, ह्यांचं नाही. सेक्रेटरींनी पत्र हातात घेतलं आणि पहिलं काय विचारलं असेल? "मुलाने बनवून दिलं का?"

संदीप, तुम्हाला राग आलेला नाही माझा, मलाही नाही तुमचा. पण हा प्रश्न तुमच्या वडिलांना कोणी विचारला नसता. हेडमास्तरांनी हिशेब केला म्हटल्यावर लोकांना आश्चर्य वाटलं नसतं.

पत्राची प्रत मी दारोदार स्वतः दिली, जिने चढून उतरून, दुसऱ्या मजल्यावरच्या सीए मुलालाही. तो म्हणाला "काकू, तुम्हीच मांडा सभेत, मी सेकंड करतो." बघू.

संदीप_विक्रोळी

हिशेब तपासला, बरोबर आहे. आमच्याकडे पण रिडेव्हलपमेंटचं चाललंय, तुमची परवानगी असेल तर ही पद्धत आमच्या कमिटीला दाखवतो. बाकी मुद्द्यावर मी अजून पूर्ण सहमत नाही.

मुलुंडची_माई

दाखवा की. नाव माझं सांगा मात्र.

सोसायटीतला_भांडकुदळ

माई, एक राहिलं. पार्किंग. लेखी ऑफरमध्ये प्रत्येक फ्लॅटमागे एक पार्किंग आहे का बघा. एकट्या बाईला हमखास सांगतात की तुमच्याकडे गाडी कुठे आहे, तुमचं पार्किंग त्या अमक्याला देऊ, तुम्हाला कॉर्पसमध्ये (बिल्डर सभासदांना देतो त्या रोख रकमेत) थोडं वाढवून देऊ. तोंडावर हो म्हणू नका.

मुलुंडची_माई

सांगून झालंय. परवाच आले होते विचारायला. मी म्हटलं गाडी घेणारे, शिकायला क्लास लावलाय. क्लास नाही लावला अजून, पण स्टेशनजवळ फी विचारून आले.